मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटमधील असह्य उकाडा

सावली_हवी: आमच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजले तरी पारा ३१ अंशांच्या खाली उतरत नाही. खिडकी चार बोटांहून अधिक उघडत नाही आणि एजंटकडून ‘पंखा लावा’ याखेरीज उत्तर येत नाही. घरमालकाला एसी बसवायला कायद्याने भाग पाडता येते का? स्वतःच पोर्टेबल एसी घेतला, तर त्याची नळी एवढ्या फटीतून बाहेर कशी काढायची? बाळ रात्रभर झोपत नाही, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

टेम्सकाठ: घर इंग्लंडमध्ये आहे की स्कॉटलंडमध्ये? दोन्हीकडचे भाडेकायदे वेगळे आहेत. मजला कितवा, खिडक्या कोणत्या दिशेला, आणि खिडकी बिघडली आहे की मुद्दाम अडवलेली आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

ऑरेंजसिटी: नागपुरात ४५ अंशांत आम्ही कूलरवर दिवस काढतो आणि इथे ३१ अंशांचे एवढे कौतुक! साधा कूलर घ्या, खिडकीला ओला पडदा लावा, काम झाले.

टेम्सकाठ: नागपूरची हवा मे महिन्यात कोरडी असते आणि कूलरला मागून सतत ताजी हवा मिळते. बंद खोलीत तोच कूलर दमटपणा वाढवील. शिवाय इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. जुलै २०२२ मध्ये लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तेव्हा सगळ्यांनाच त्याचा अनुभव आला.

हप्तेवाला: भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा स्वतःचे घर घ्यावे. जून २०२२ पासून इंग्लंडमधील नव्या घरांना अतिउष्णतेबाबतचा बांधकाम नियम लागू आहे.

सावली_हवी: घर घेण्याविषयी मी विचारलेले नाही. फ्लॅट इंग्लंडमध्ये, लंडनच्या क्रॉयडन भागात, सहाव्या मजल्यावर, एका जुन्या ऑफिस इमारतीत आहे. सर्व खिडक्या पश्चिमेला असून त्या जास्त उघडू नयेत म्हणून त्यांना तारेचा अडसर लावलेला आहे. बाहेरचा कॉरिडॉर तर घरापेक्षाही गरम असतो.

टेम्सकाठ: हे आधी सांगायला हवे होते. गरम पाण्याचे बिल ‘हीट नेटवर्क’च्या, म्हणजे सगळ्या घरांना एकाच ठिकाणाहून उष्णता पुरवणाऱ्या व्यवस्थेच्या, नावाने वेगळे येते का?

सावली_हवी: हो, येते. त्याचा इथे काय संबंध?

टेम्सकाठ: गरम पाणी पुरवणारे पाइप बहुधा कॉरिडॉरच्या छतातून गेलेले असतील आणि ते भर उन्हाळ्यातही तापलेले राहतात. त्यांच्यावरचे आवरण अपुरे असेल, तर ती उष्णता दाराखालून तुमच्याकडे येते. एकाच नळीचा पोर्टेबल एसी खोलीतील हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा फटींतून आत ओढतो, म्हणजे तुम्ही कॉरिडॉरची गरम हवा वीज जाळून घरात घ्याल.

ऑरेंजसिटी: मग अडसरच काढून टाका, स्क्रू तर असतात.

टेम्सकाठ: सहाव्या मजल्यावर, घरात लहान मूल असताना? असला सल्ला देऊ नये. सावली_हवी, एसी बसवण्याची सक्ती करता येत नाही आणि घरातील तापमानाची कायदेशीर कमाल मर्यादाही ठरलेली नाही. मात्र कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, घरांची तपासणी ज्या ठरावीक धोक्यांच्या आधारे करते, त्यांत अतिउष्णता आहे, आणि २०१८ च्या कायद्यानुसार भाड्याचे घर राहण्यायोग्य असलेच पाहिजे. कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला लिहा. ‘फार उकडते’ एवढेच लिहिलेत तर पत्र बाजूला पडेल. खोलीचे आणि कॉरिडॉरचे तापमान तारीख-वेळेसह नोंदवा, घरात बाळ आहे हे लिहा आणि त्याची प्रत एजंटला पाठवा. तोवर दुपारी ऊन येण्याआधीच काचेला चिकटून बसणारे परावर्तक पडदे लावा. काचेवर फिल्म मात्र घरमालकाच्या परवानगीशिवाय चिकटवू नका, कारण चुकीच्या फिल्ममुळे दुहेरी काच तापून तडकू शकते.

सावली_हवी: आत्ताच पाहिले. कॉरिडॉरमध्ये ३४ अंश आहेत आणि मीटरच्या कपाटातील पाइपवर आवरणच नाही. फोटो घेतले आहेत. कौन्सिलला लिहीनच, पण पाइपबाबतचे पत्र घरमालकाच्या नावे लिहावे की इमारतीच्या व्यवस्थापनाच्या?

टेम्सकाठ: तुमचा करार घरमालकाशी आहे, त्यामुळे पत्र त्याच्याच नावे लिहा. व्यवस्थापनाकडून पाइप झाकून घेणे त्याचे काम आहे.