इन्व्हर्जनमध्ये त्रुटी घटते, तरी वेगाचे मॉडेल चुकते

प्रश्न:
मार्मूसी मॉडेलवर (पद्धती तपासण्यासाठी वापरले जाणारे भूस्तरांचे कृत्रिम मॉडेल) ध्वनितरंगांचे समीकरण घेऊन मी फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जन, म्हणजे गणलेले तरंग नोंदलेल्या तरंगांशी जुळवत जमिनीखालचा तरंगवेग शोधण्याची पद्धत, चालवत आहे. खरे मॉडेल थोडे धूसर करून सुरुवात केली, तर उत्तर नीट येते. परंतु खोलीबरोबर एकसारखा वाढणारा वेग गृहीत धरून ५ हर्ट्झपासून सुरुवात केल्यास, दर फेरीला त्रुटी (गणलेल्या व नोंदलेल्या तरंगांतील फरक) कमी होत असूनही, नसलेले थर उमटतात. असे का होते? पुढे हीच पद्धत सौराष्ट्रात, दख्खन बेसाल्टखालच्या मध्यजीव कालखंडातील गाळाच्या खडकांसाठी वापरता येईल का?

पहिले उत्तर:
हे सायकल स्किपिंग आहे. ५ हर्ट्झला तरंगाचा आवर्तकाल ०.२ सेकंद असतो, आणि गणलेला तरंग नोंदलेल्या तरंगापासून त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ०.१ सेकंदाहून, अधिक सरकलेला असेल, तर ग्रेडियंट (त्रुटी घटवण्यासाठी मॉडेल कोणत्या दिशेने बदलायचे ते सांगणारा उतार) त्याला शेजारच्या चुकीच्या शिखराशी जुळवू पाहतो. चार सेकंदांच्या प्रवासात एवढी चूक होण्यास सरासरी वेगात अडीच टक्के फरक पुरतो. २ हर्ट्झला मात्र सहा टक्क्यांपर्यंतची चूक खपते. म्हणून कमी वारंवारितेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जावे. अर्थात कृत्रिम नोंदींत २ हर्ट्झ फुकट मिळतात. प्रत्यक्षात तेथे बहुधा गोंगाटच असतो.

दुसरे उत्तर:
बेसाल्टच्या बाबतीत अडचण निराळी आहे. गाळाच्या खडकांतील वेग वरच्या बेसाल्टपेक्षा कमी असल्याने त्यांच्या माथ्यावरून अपवर्तित तरंग परत येत नाही, त्यामुळे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या तरंगांच्या वेळांवरून काढलेल्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तो थर दिसतच नाही. शिवाय लाव्हाप्रवाहांचे सच्छिद्र माथे आणि घट्ट गाभे आलटून पालटून येतात. त्यांच्या जाडीच्या मानाने तरंगलांबी बरीच मोठी असेल, तर तरंगाला तो एकच खडक वाटतो, पण आडवा आणि उभा वेग वेगळा असलेला. बॅकसने १९६२ मध्ये मांडलेले हे सरासरीकरण वगळले, तर दूरच्या जिओफोनच्या (जमिनीचे कंप टिपणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी जुळूनही थरांची खोली चुकते.

प्रश्नकर्ता:
मग कोयनेच्या खोल विवरातील मोजमापे आधाराला घेता येतील का?

दुसरे उत्तर देणारा:
बेसाल्टमधील वेगाचा अंदाज घेण्यापुरती घेता येतील. तेथे सुमारे १.२ किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पाया लागतो, म्हणजे तळाशी वेग घटण्याचा तुमचा मूळ प्रश्न तेथे उद्भवतच नाही. सौराष्ट्रासाठी बेसाल्टच्या तळाची खोली आधी मॅग्नेटोटेल्युरिक (खडकांची वीज वाहण्याची क्षमता मोजणाऱ्या) सर्वेक्षणावरून ठरवावी, कारण गाळाचे खडक बेसाल्टपेक्षा अधिक विद्युत्‌वाहक असतात, आणि मगच इन्व्हर्जनला हात घालावा.