अनुशेष, रखडणे आणि खुंटणे: अर्थ एकच का?

प्रश्न (परभणी): 'मराठवाड्याचा सिंचन अनुशेष', 'रखडलेला प्रकल्प', 'विकास खुंटला'. तिन्हींचा अर्थ प्रगती न होणे असाच ना? एमपीएससीच्या उत्तरात एकाऐवजी दुसरा शब्द चालेल का?

उत्तर (लातूर): नाही चालणार भाऊ. अनुशेष ही मोजलेली तूट आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 1984 च्या अहवालात क्षेत्रवार राज्याची सरासरी काढली. जिल्हा त्याखाली जितका, तितका त्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचं जादा यातून वजा होत नाही.

समजा राज्याचं सिंचन 30 टक्के, जिल्ह्याचं 18 टक्के आणि जिल्ह्याचं पेरणीक्षेत्र 5 लाख हेक्टर. तूट 12 टक्के, म्हणजे 60 हजार हेक्टर. पुढे राज्य 40 वर गेलं आणि जिल्हा 26 वर, तर नव्याने मोजल्यावर तूट 70 हजार हेक्टर. जिल्हा पुढे गेला, तरी अनुशेष वाढला! म्हणून 'प्रगती नाही' हा अर्थच चुकीचा. सगळी गोची इथेच होते.

उत्तर (बीड): रखडणे म्हणजे सुरू झालेलं किंवा मंजूर झालेलं काम मुदतीत न होणे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला, आष्टीपर्यंत गाडी 2022 मध्ये आली. याला रखडणंच म्हणायचं. खुंटणे म्हणजे वाढ थांबणे: पाणी साचून तूर खुंटते, गुंतवणूक आटली की उद्योग खुंटतो. 'प्रकल्प खुंटला' लिहू नका, कानाला खटकतं.

उत्तर (नांदेड): एक भर. 'अनुशेष संपला' असं वाचलं की आधी दोन गोष्टी बघा: कोणत्या तारखेचा, आणि आर्थिक की भौतिक? दांडेकरांनंतर निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, त्यामुळे दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका. ठरलेला निधी खर्च झाला की कागदावर आर्थिक अनुशेष संपतो. पण दरम्यान सिमेंट, मजुरी, भूसंपादन महागलं तर तेवढ्याच पैशात हेक्टर कमी भिजतात. भौतिक अनुशेष मग तसाच उरतो.

क्रियापदं 'भरून काढणे', 'दूर करणे'. नोकरभरतीतला 'अनुशेष' मात्र निराळा, तिथे राखीव जागा रिक्त राहिल्या असा अर्थ. घटनेतलं कलम विचारलं तर 371(2) लिहा, विकास मंडळांची तरतूद तिथे आहे.

परभणी: म्हणजे 'रस्त्यांचा अनुशेष' बरोबर, पण 'एका रस्त्याचा अनुशेष' चूक?

नांदेड: हो. एक रस्ता रखडतो.