वायफाय कॅमेरा घ्या, पण क्लाउडचं भाडं कशाला भरता?

सहकारनगर_जुना
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली सारखी विचारणा असते, "चांगला वायफाय कॅमेरा सुचवा, क्लाउडवाला हवा." पाच मिनिटांत खाली सहा लिंका पडतात. क्लाउड, म्हणजे महिन्याचं भाडं भरून चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय, कशाला हवा हे कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो.

माझ्या मते आपल्यासारख्या घरांना मेमरी कार्ड पुरतं. १०८०पी (फुल एचडी) चित्र एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, साधारण १ एमबीपीएसने (सेकंदाला १० लाख बिट) साठतं असं धरा. दिवसाला १०.८ जीबी होतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात चोवीस तास सलग रेकॉर्डिंग केलं तरी अकरा दिवसांचं मावतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. फक्त हालचालीवर चालू ठेवलंत तर आणखी कितीतरी मागचं सापडेल. कार्ड तेवढं 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, सतत पुसून-लिहून साधं कार्ड लवकर मान टाकतं.

आता क्लाउड. कॅमेऱ्यामागे महिना १०० रुपये धरा. तीन कॅमेरे, पाच वर्षं, झाले १८,००० रुपये. तेवढ्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, हार्डडिस्कसकट वायरवाला संच येईल. वर भाडं बंद केलं की जुनं चित्रणही हातातून गेलं. आपल्याच दाराचं चित्र आपल्यालाच भाड्याने! पटत असेल त्याने समजावून सांगावं.

बाणेर_बाल्कनी
समजावते. चोर कॅमेरा उचकटून पिशवीत टाकतो आणि तुमचे अकरा दिवस त्याच्याबरोबर जातात. घरफोडीच्या बातम्या वाचता ना? "जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही लंपास केला" हे वाक्य त्यात नेहमीचं झालंय. डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारा डबा. चित्रण घरातच असेल तर ते घरातल्या दागिन्यांइतकंच सुरक्षित असणार.

क्लाउडचा उपयोग एकच. माणूस दिसला की ती दहा-वीस सेकंदांची क्लिप, कॅमेऱ्याला हात लागायच्या आत घराबाहेर गेलेली असते. आणि तीन कॅमेऱ्यांचं भाडं मांडायला कोणी सांगितलं? मुख्य दाराच्या एकाला क्लाउड घ्या, बाकीचे कार्डावर चालू द्या. तुमचे १८,००० तिथेच ६,००० झाले.

सहकारनगर_जुना
मग एनव्हीआर (घरच्या नेटवर्कवरून चित्रण साठवणारा डबा) माळ्यावर ठेवा, जुन्या गाद्यांमागे. कॅमेरा नेला तरी चित्रण घरात राहतं. चोराला माळा उपसायला वेळ नसतो.

बाणेर_बाल्कनी
गाद्यांमागे यंत्र तापून बंद पडेल, काका. चोराची गरजच नाही.

पासोड्या_मागे
माझा धंदाच कॅमेरे बसवायचा, म्हणून दोघांनाही नमस्कार करून बोलतो. कार्ड की क्लाउड हा शेवटचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक तो आधी विचारतं आणि खरं दुखणं वेगळंच असतं.

वायरलेस म्हणून घेता, पण बहुतेकांना विजेची वायर लागतेच. नुसती नेटची वायर वाचते. बाहेर प्लग नसेल तर खिडकीतून एक्स्टेन्शन ओढतात, पावसाळ्यात त्यावर पाणी. बॅटरीवाला घेतलात तर तो सहसा सलग रेकॉर्डिंग करत नाही. उष्णतेची हालचाल जाणवली की जागा होतो आणि मग चित्र घेतो. या जागं होण्यात पहिला क्षण निसटतो. कुरिअरवाला पार्सल टाकून वळलेला दिसतो, म्हणजे पाठ दिसते. क्लाउडवर गेली तरी पाठच जाणार.

दुसरं वायफाय. स्वस्तातले बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि लोक मोबाइल ५ वर ठेवून "जोडलाच जात नाही" म्हणून बोंब मारतात. २.४ भिंतीतून बरं जातं, तरी पेठेतल्या वाड्याची हात-दीड हात जाडीची भिंत असेल तर तेही दमतं. राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे आणि कॅमेरा जिन्याखाली, अशी मांडणी असेल तर कुठल्याच कंपनीला शिव्या देऊ नका. आधी मोबाइल घेऊन त्या जागी उभे राहा, व्हिडिओ कॉल लावा. अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

तिसरी वीज. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की क्लाउड गेला. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, कॅमेऱ्यालाही काहीतरी सोय करा. मेन स्विच घराबाहेरच्या मीटरबोर्डात असतो, हे चोरालाही माहीत असतं.

आणि काचेच्या आतून कॅमेरा लावू नका हो! रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे काचेवरून उलटे फिरतात आणि पांढरा गोळा दिसतो. उघड्यावर लावलात तर दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं वाऱ्यावर हललं की तुमच्या फोनवर रात्रभर टिंग टिंग. महिन्यातून एकदा फडकं मारायचं. हे काम कुठल्याच प्लॅनमध्ये येत नाही.

दुसरा_मजला
बाहेरचं ठीक आहे. पण लोक हे कॅमेरे दिवाणखान्यात, आजीच्या खोलीत, स्वयंपाकाच्या बाईंवर नजर ठेवायला लावतात आणि ते चित्रण कुठल्या तरी सर्व्हरवर जातं. याचं कोणालाच काही वाटत नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वाइझ कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसली. क्लाउड काही काळ बंद पडून परत सुरू होताना खात्यांची सरमिसळ झाली. मे २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) अ‍ॅमेझॉनच्या रिंग या कॅमेरा कंपनीवर कारवाई केली, ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. आरोप असा, की कर्मचारी आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते आणि एकाने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगं हजारोंनी पाहिली. हॅकर वगैरे कोणी नाही, पगारी माणूस.

म्हणून माझा नियम एकच. घराच्या आत क्लाउड नाही. शक्यतो कॅमेराच नाही. सासूबाईंना विचारून लावलाय का, हे आधी सांगा, मग मेगापिक्सेल सांगा. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात हेच म्हटलं, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

सहकारनगर_जुना
ताई, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. कार्ड घरात, चित्र घरात, विषय संपला.

हिंजवडी_फेज२
विषय संपत नाही. तुमचा कार्डवाला कॅमेरा ऑफिसातून मोबाइलवर दिसतो ना? कसा दिसतो? आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. म्हणजे तुमचा फोन थेट घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकत नाही. कंपनीचा सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि जमलं नाही तर चित्र स्वतःमार्फतच पाठवतो. लॉगिनही तिथेच. साठवण घरात असली तरी दाराची किल्ली कंपनीकडे आहे.

'सगळं घरातच राहतं' या जाहिरातीवरही जाऊ नका. युफी या कॅमेरा कंपनीची ओळखच ती होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की सूचनांबरोबरची छोटी चित्रं क्लाउडवर चढत होती.

खरोखर क्लाउड नको असेल तर ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी (दुसऱ्या कंपनीच्या यंत्रालाही चित्र देणाऱ्या सामायिक पद्धती) असलेला कॅमेरा घ्या, घरच्या एनव्हीआरला जोडा, कॅमेऱ्याचं बाहेरचं नेट राउटरमध्येच बंद करा आणि बाहेरून बघायला वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटपर्यंतची खासगी वाट) ठेवा. बॅटरीवाल्यांत आरटीएसपी सहसा नसतं. हे सगळं सांभाळायची तयारी आहे? मग बोला. नसेल तर क्लाउडला नावं ठेवून निम्मा क्लाउड वापरण्यापेक्षा पूर्ण वापरा, वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावून. २०१६ च्या मिराई नावाच्या व्हायरसच्या हल्ल्यात हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर हल्लेखोरांच्या हाती सापडले ते कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. ती यंत्रं लोकांच्या घरातच होती.

बाणेर_बाल्कनी
आणि सलग चोवीस तास क्लाउडवर चढवायचा हट्ट नको. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे महिनाभर चढवले तर सुमारे २,६०० जीबी होतात. बऱ्याच फायबर प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबीची असते, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना ७०० उरतात. मग मुलांचं नेट मंदावलं की घरात वेगळीच चोरी पकडली जाते.

सॅन_होजे_कोथरूड
मी इथे अमेरिकेत, आईबाबा पुण्यात कोथरूडला बंगल्यात दोघंच. कार्डावर अकरा दिवस आहेत की बारा याने मला काही फरक पडत नाही, कारण कार्ड काढायला शिडी लावणार कोण? बाबा ७८ वर्षांचे आहेत.

पुण्यात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे दुपारचे अडीच असतात. तिकडे सगळे झोपेत, मी जागा. फाटकाशी माणूस उभा असल्याची सूचना आली की मी क्लिप उघडतो. बहुतेक वेळा ती मांजर असते किंवा पेरूची फांदी. 'माणूस ओळखा' ही सोय सुरू केल्यावर ते बरंच कमी झालं. या मनःशांतीचं भाडं मी आनंदाने भरतो.

सहकारनगर_जुना
आणि माणूसच असला तर? तिकडून ११२ लावून पुण्याचे पोलीस येणार आहेत का?

सॅन_होजे_कोथरूड
नाही येणार. इथून लावला तर इथलेच येतील. म्हणून शेजारच्या काकांचा नंबर आणि पोलीस चौकीचा लँडलाइन फोनमध्ये वर ठेवलाय. काका उठतात, गच्चीतला दिवा लावतात, जोरात खाकरतात. एवढ्याने काम होतं.

सहकारनगर_जुना
म्हणजे राखण काकांची, पैसे क्लाउडला!

सॅन_होजे_कोथरूड
काकांना उठवायचं कधी, हे कळायला क्लाउड लागतो.

शिवाजीनगर_वकील
पुराव्याबद्दल थोडं, कारण सगळे "पोलिसांना दाखवू" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक चित्रण देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहायची असते. कार्ड असो वा क्लाउड, अट तीच. मोबाइलच्या पडद्याचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून आणू नका, मूळ फाइल उतरवून ठेवा. क्लाउडवर सहसा सात किंवा तीस दिवसच राहतं आणि तक्रारदार आमच्याकडे बहुधा त्यानंतर येतो.

शिवाय एक. स्वतःच्या घरगुती वापरासाठी व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही. पण म्हणून कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या ब्लॉकच्या दारात घालायचं नसतं. असे वाद आधी सोसायटीच्या सभेत जातात आणि तिथून माझ्याकडे.

दुसरा_मजला
आमच्या समोरच्यांनी असाच लावलाय. मी पेपर घ्यायला दार उघडलं तरी त्यांच्या फोनवर वाजतं. क्लाउडवर माझे गाऊनमधले तीस दिवस साठलेत, भाडं ते भरतात!

पासोड्या_मागे
ताई, बहुतेक अ‍ॅपमध्ये 'प्रायव्हसी झोन' असतो. तेवढा चौकोन काळा करता येतो. त्यांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. नाही ऐकलं तर वकीलसाहेब आहेतच.

बाकी घेणाऱ्यांना एवढंच. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झालीय, तेव्हा बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेच्या यादीत आहे का बघा. आणि अ‍ॅपचं मुख्य खातं तुमच्याच ईमेलवर काढा. बसवणारा पोरगा घाईत स्वतःच्या ईमेलवर काढून देतो, मग तो नोकरी सोडून जातो आणि तुमच्या दाराचा मालक तो.

सहकारनगर_जुना
मुख्य दाराच्या एका कॅमेऱ्याला क्लाउड, तोही घर बंद करून गावाला जाताना, महिन्यापुरता. एवढं मी देईन. बाकी कार्डच. वर्षाच्या प्लॅनवर 'दोन महिने मोफत' दिसले की आपल्या लोकांचा हात थांबत नाही.

बाणेर_बाल्कनी
आणि चोर तुमचा गावाला जायचा महिना विचारून येणार, नाही का?