पॅच कडेनं सुटतोय त्याबद्दल

ताई, डेनिम जॅकेटवरचा, व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ चित्राचा इस्त्रीनं चिकटवायचा भरतकामाचा पॅच धुतल्यावर कडेनं सुटला म्हणताय, तर बहुतेक गोंद नीट वितळलाच नसणार. पॅचच्या मागचा तो चकचकीत थर गरम होऊन कापडात मुरायला लागतो, म्हणून इस्त्री कॉटनवर, वाफ एकदम बंद, वर सुती रुमाल टाकून दाबून धरायची, घासायची नाही, मग जॅकेट उलटं करून आतूनही द्यायची आणि पूर्ण गार होईस्तोवर हात लावायचा नाही. तरी कडेनं टाके घालाच. नायलॉनच्या सॅकवर इस्त्री नकोच, सरळ सुईदोरा.

वर कुणीतरी विचारलंय की मोनालिसाचा पॅच चांगला का दिसत नाही. अहो, तिच्या गालावरच्या सावल्या इतक्या हळुवार मिसळल्यात की दोऱ्यात रंग पट्ट्यापट्ट्यानं तुटतो. स्टारी नाइटमधलं व्हॅन गॉगचं १८८९ चं ते आकाश म्हणजे मुळातच सुटे सुटे फटकारे, टाका त्याच वळणानं फिरवला की जमलंच.

आमच्या सातारा जिल्ह्यात औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, एकदा जवळून बघाच. चेहरा नको, नुसता साडीचा काठ आणि बांगड्यांचा हात, भरतकामात काय देखणा येईल! कुणी करणार असेल तर पहिला पॅच मी घेणार.