‘तोंड आवरा, वजन उतरेल’ म्हणणाऱ्यांना

देवगडची सून: ‘खाडीकाठ’ यांनी काल लिहिलं, "लठ्ठपणा म्हणजे निव्वळ आळस. आजोबा पेज जेवून डोंगर चढायचे. तोंड आवरा, वजन उतरेल." डोकंच फिरलं. मोहोर करपला की आमच्या घरात कुणाला झोप नसते. झोप मोडली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, त्यात ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल चढलं की गोड-तळलेलंच खावंसं वाटतं. मध्यरात्री फरसाणाचा डबा उघडणारा माणूस दिवसभर पेट्या भरून दमलेला असतो हो! मूड सांभाळणारं जे सिरोटोनिन म्हणतात, शरीरातलं त्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यात तयार होतं, हे तरी ठाऊक आहे का?

खाडीकाठ: वहिनी, ते मेंदूत शिरतच नाही. अर्धवट वाचून ठोकू नका. आजोबांना काय कर्ज नव्हतं?

देवगडची सून: नसेल शिरत. व्हेगस नस आहे ना, तिचे बहुतेक तंतू पोटाकडूनच मेंदूला निरोप नेतात. आणि आजोबांच्या वेळी नाक्यानाक्यावर वेफर्स लटकत नव्हते. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी २० जणांना आळीपाळीने कारखानी (कारखान्यात प्रक्रिया केलेलं, तयार) आणि साधं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून. कारखानी जेवणावर रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या पोटात. तीच माणसं! आळस मधेच कुठून आला?

चिपळूणकर: चालायचं कुठे तेही सांगा. हायवे रुंद झाला, आमची सकाळची फेरी बंद. कडेने चाललं तर डंपर उडवतो.

वेंगुर्लेकार: उकड्या तांदळाची पेज नि सुको बांगडो खावा. सगळा बरा होता.

चाकरमानी: झालं, उकडा आला! माझे बाबा जन्मभर उकडाच जेवले, अंगाने काटकुळे, तरी डायबेटिस. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक हेच सांगत आलेत, बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही चरबी जास्त असते.

वेंगुर्लेकार: बाबा मुंबैत पॉलिशचो तांदूळ खाय असतले.

चाकरमानी: माझ्या बापाचं ताट तुम्ही बघितलंत? तोंड सांभाळा.

वेंगुर्लेकार: गणपतीक चार दिवस येतास नि आमका उकडो शिकवतास?

देवगडची सून: अहो, उकड्यात जीवनसत्त्व ब जास्त टिकतं, एवढं खरं. तीन वाढी घेतल्या तर तोही भातच. आता भांडणं पुरे!

खाडीकाठ: बरं बाई, ताणाचं मानलं, नाहीतर यंदा पेटी मिळायची नाही. पण तो फरसाणाचा डबा घरात भरून कोण ठेवतं?

देवगडची सून: सासूबाई. या घरी, तुम्हीच विचारा त्यांना.