मदत हवी आहे: तांत्रिक पुस्तकं वाचते, कळतात, पण कामात उतरत नाहीत

वळेसर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

मी डिचोलीची. पर्वरीतल्या एका लहान कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते. हॉटेलांचं बुकिंग सांभाळणारी प्रणाली आहे, जावा भाषेत आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर. आम्ही सहाजण. ज्याला शंका विचारावी असा एकच अनुभवी माणूस होता, तो गेल्या वर्षी बेंगळुरूला गेला. तेव्हापासून माझा सगळा भार पुस्तकांवर आहे.

वर्षभरात तीन विकत घेतली. त्यातलं एक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं: मार्टिन क्लेपमन यांचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स', 2017 ची आवृत्ती. बारा प्रकरणं, सहाशेच्या आसपास पानं. मुखपृष्ठावर भारतीय रानडुक्कर आहे. ते बघून पप्पा म्हणाले, आपल्या कुळागरात येऊन सुरण उकरतं तेच ना हे? डिचोली ते म्हापसा आणि म्हापसा ते पर्वरी, जाता-येता बसमध्ये वाचलं. पेन्सिलने खुणा केल्या. वाचताना सगळं कळत होतं, आणि खूप आनंद होत होता.

मग नाताळचा आठवडा आला. रात्री साडेअकराला फोन. एका हॉटेलात एकच खोली दोन कुटुंबांना गेली होती. दुसरं कुटुंब रिसेप्शनवर सामान घेऊन उभं, कडेवर झोपलेलं मूल. त्या दिवसांत गोव्यात ऐनवेळी खोली मिळणं किती कठीण, हे इथल्यांना सांगायला नको. मॅनेजरने कुठेतरी सोय केली, पण त्या बाईंचा फोनवरचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

लॉग, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते ती नोंद, काढला. दोन्ही बुकिंग एकाच सेकंदात आलेली. आमचा कोड साधा आहे. त्या तारखांना त्या खोलीवर आधीचं बुकिंग आहे का बघायचं, नसेल तर बुकिंगच्या तक्त्यात नवीन ओळ घालायची. दोन्ही पायऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं मिळून एकच काम, झालं तर पूर्ण नाहीतर काहीच नाही. मी समजून चालले होते की ट्रान्झॅक्शन आहे म्हणजे सुरक्षित आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं. सातवं प्रकरण, ट्रान्झॅक्शन्स. तिथे जवळजवळ हेच उदाहरण आहे, फक्त हॉटेलच्या खोलीऐवजी बैठकीची खोली. आणि त्या परिच्छेदाशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'महत्त्वाचं'. सहा महिन्यांपूर्वी.

रडू आलं खरंच. वाचलं होतं, कळलं होतं, खूणही केली होती. तरी तोच कोड माझ्यासमोर रोज उघडा असताना दोन्हींचा संबंध मला लागला नाही.

म्हणून विचारते. तुम्ही अशी पुस्तकं वाचता कशी? पूर्ण वाचता की लागेल तेवढं? टिपणं काढता का, आणि ती पुन्हा बघता का? अजून एक. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं, पाचवीपासून इंग्रजी. इंग्रजी वाचता येतं, पण पान वाचून झालं की अर्थ डोक्यात राहतो तो धुक्यासारखा. हे कुणाला होतं का?

फोंडेकर

वळेसर, तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

एकच विचारतो. ते 'महत्त्वाचं' लिहिलंस तेव्हा समोर डेटाबेस चालू होता का? बसमध्ये होतीस, म्हणजे नसणार. तिथेच अडलं आहे बघ.

मी फर्मागुडीला शिकलो, या धंद्यात बावीस वर्षं झाली. सुरुवातीला एका वरिष्ठांनी कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेचं पुस्तक हातात दिलं. पहिली आवृत्ती 1978 ची, माझ्याकडे 1988 ची दुसरी. तीनशे पानांच्याही आतलं. अट एकच, प्रत्येक स्वाध्याय स्वतः टंकायचा, चालवायचा, आणि तो सुटल्याशिवाय पान उलटायचं नाही. अख्खा पावसाळा गेला त्यात. वीज जायची, तेव्हा कागदावर लिहून ठेवायचो. पॉइंटरचं प्रकरण मला वाचून मुळीच कळलं नव्हतं. प्रोग्राम चार वेळा कोसळला, तेव्हा कळलं.

आता तुझ्यासाठी काम सांगतो. पीएसक्यूएलच्या, म्हणजे पोस्टग्रेसला थेट आज्ञा देण्याच्या, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड. दोन्हीत बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू. दोन्हीत विचार, अमुक तारखांना खोली 204 वर बुकिंग आहे का? दोन्हींना 'नाही' असंच उत्तर मिळेल. आता दोन्हीत ओळ घाल, दोन्ही कमिट कर, म्हणजे पक्कं कर. नाताळच्या रात्री घडलं ते तुझ्या डोळ्यांसमोर घडेल. मग दुरुस्ती करून बघ. तपासण्याआधी खोल्यांच्या तक्त्यातली 204 ची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट' या आज्ञेने धरून ठेव, म्हणजे तिला कुलूप लाव. दुसऱ्या खिडकीत काय होतं ते इथे लिही.

म्हादईकाठी

फोंडेकरांचा प्रयोग योग्यच आहे, पण थोडं वेगळं मत मांडते.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे, हे मला पटत नाही. बारा प्रकरणांपैकी तुमच्या कामाला आज लागणारी कदाचित दोन आहेत, ट्रान्झॅक्शन्सचं आणि माहिती साठवण्या-शोधण्याचं तिसरं. नववं प्रकरण अनेक यंत्रांमधल्या एकमताबद्दल आहे. तुमच्याकडे एकच डेटाबेस असेल तर ते वर्षभर थांबलं तरी चालेल. सहाशे पानं सारख्याच वेगाने वाचली की सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं आपल्या घरचं पान त्यात हरवतं.

दुसरं म्हणजे पुस्तक तत्त्व सांगतं, पण तुमचा डेटाबेस नेमका कसा वागतो ते त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच मिळतं. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजाचं तेरावं प्रकरण 'कन्करन्सी कंट्रोल', फुकट आहे आणि फार नेटकं लिहिलं आहे. एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची, याच्या पातळ्या असतात. पोस्टग्रेसमध्ये काही न सांगता मिळणारी पातळी रीड कमिटेड, आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत रिपीटेबल रीड. नाव तेच असलं तरी दोघांची रिपीटेबल रीड एकसारखी वागत नाही. दोन माणसांनी एकच ओळ वाचून आपापल्या परीने बदलली तर पोस्टग्रेस त्या पातळीवर दुसऱ्याला चूक दाखवून थांबवतं, इनोडीबी थांबवत नाही. हे ऐकून ठेवण्यापेक्षा आपल्या आवृत्तीच्या दस्तऐवजात स्वतः वाचा.

खाजन

धुक्याबद्दल लिहितो, कारण ते मलाही होतं. मी पेडण्याचा, शाळा तुमच्यासारखीच.

मी एक करतो. एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटतो आणि वहीत मराठीतून लिहितो. भाषांतर नव्हे. धाकट्या भावाला सांगितलं असतं तसं. क्लेपमनच्या त्याच प्रकरणात 'फँटम' हा शब्द आहे. इंग्रजीत वाचताना मी मान डोलावून पुढे गेलो होतो. वहीत लिहायला बसलो आणि अडलो. शेवटी लिहिलं, 'जी ओळ अजून तक्त्यात आलेलीच नाही, तिला कुलूप कसं लावणार?' त्या दिवशी ते कायमचं कळलं. तुमच्या कोडचं दुखणंही हेच आहे. तपासलं तेव्हा ओळच नव्हती, धरणार काय? म्हणून फोंडेकर खोलीची ओळ धरायला सांगताहेत, ती नेहमी असते.

जिथे मराठीत वाक्य पुरं होत नाही, तिथे मला कळलेलं नसतं. शब्द तेच ठेवा, ट्रान्झॅक्शनला व्यवहार म्हणायची गरज नाही. वाक्याची चाल आपली हवी.

आणि बसमध्ये कादंबरी वाचा. असल्या वाचनाला मेज लागतं. मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात लॅपटॉप घेऊन बसतो. 1832 मध्ये सुरू झालेलं ग्रंथालय आहे हे. तिथे दोन तास मिळाले की घरच्या आठ तासांचं काम होतं.

वळेसर

सगळ्यांना मनापासून देव बरें करूं. आठवडाभर करून बघितलं, आता सविस्तर लिहिते.

आधी बिघाड घडवला. फोंडेकरकाका, दोन्ही खिडक्यांत 'शून्य ओळी' दिसलं, दोन्हीकडे ओळ गेली, दोन्ही कमिट झाले. कुठे चूक नाही, इशारा नाही. तक्त्यात 204 ची दोन बुकिंग शांतपणे बसलेली. मी बराच वेळ नुसती बघत राहिले.

मग फॉर अपडेट. पहिल्या खिडकीत ओळ धरली. दुसऱ्या खिडकीत तीच आज्ञा दिली आणि ती थांबली. उत्तर नाही, काही नाही, रिकामी ओळ. वाटलं लॅपटॉप अडकला. पहिल्या खिडकीत बुकिंग घालून कमिट केलं, त्याच क्षणी दुसरी हलली. आता तिने तपासलं तर तिला बुकिंग दिसलं. लॉक हा शब्द मी कॉलेजपासून ऐकते, पण थांबलेलं लॉक पहिल्यांदा बघितलं.

यापुढचं कुणी सांगितलं नव्हतं. म्हादईकाठीताई, तुमच्यामुळे वाटलं की पातळी वाढवून तेच करून बघू, जास्त सुरक्षित होईल. दोन्ही खिडक्या रिपीटेबल रीडवर, बाकी पायऱ्या त्याच. दुसरी खिडकी तशीच थांबली, तशीच सुटली, तिने तपासलं आणि उत्तर आलं, 'शून्य ओळी'! दोन्ही बुकिंग पुन्हा आत. पातळी वाढवली आणि चूक परत आली.

तीन वेळा करून बघितलं. मग तेरावं प्रकरण एकेक शब्द करून वाचलं. तिथे कंसात लहानसं वाक्य आहे, की आधीच्या ट्रान्झॅक्शनने ओळ खरोखर बदलली किंवा काढली असेल तरच दुसऱ्याला चूक मिळते, नुसती धरून सोडली असेल तर नाही. आमच्या प्रयोगात 204 ची ओळ नुसती धरली होती. आणि रिपीटेबल रीडमध्ये दुसऱ्या खिडकीचं चित्र तिच्या पहिल्या आज्ञेलाच टिपलं गेलं, म्हणजे थांबण्याआधी. थांबून उठल्यावरही ती जुनंच चित्र बघत होती. रीड कमिटेडमध्ये प्रत्येक आज्ञेला नवीन चित्र, म्हणून तिथे चाललं.

खाजन, हे मी वहीत मराठीत लिहिलं. 'रांगेत उभं राहण्याआधीचा फोटो हातात घेऊन आत गेली.' धुकं नाही राहिलं.

आता पुढची अडचण. टीममधल्या एकाने विचारलं, उद्या दुसऱ्या कुणी ओळ न धरताच बुकिंग घातलं तर? त्याचं बरोबर आहे. म्हणून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट घालायचा ठरवला, म्हणजे एकाच खोलीच्या एकमेकांवर येणाऱ्या तारखा डेटाबेसच नाकारेल. पण चाचणीच्या प्रतीवर घालायला गेले तर आज्ञाच फसली, आधीच आदळणारी बुकिंग आहेत म्हणून. फॉरेन की, म्हणजे दोन तक्ते जोडणारा नियम, घालताना 'जुनं तपासू नको' सांगता येतं, तसं इथे येतं का?

म्हादईकाठी

तो फोटोचा भाग वाचून फार आनंद झाला. मी स्वतः तो प्रयोग कधी केला नव्हता, आज केला.

नाही, एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटला ती सवलत नाही. जुनी आदळणारी बुकिंग आधी निस्तरावी लागतील. तक्ता स्वतःशीच जोडून शोधा: खोली तीच, बुकिंग वेगळं, तारखा एकमेकांवर. यादी येईल ती खरी चूक आहे की रद्द झालेलं बुकिंग, ते बघा. रद्द झालेली असतील तर कन्स्ट्रेंटला व्हेअरची अट जोडून ती वगळता येतात.

खोली क्रमांक आणि तारखांचा पल्ला एकाच कन्स्ट्रेंटमध्ये लागतो, त्यासाठी बीट्री-जिस्ट हे पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसुविधा, आधी चालू करा.

फोंडेकर

आणि तारखांच्या पल्ल्याचं शेवटचं टोक उघडं ठेव, म्हणजे शेवटची तारीख त्यात धरू नकोस. पाहुणा 27 ला सकाळी खोली सोडतो आणि दुसरा त्याच दुपारी येतो. दोन्ही टोकं बंद धरलीस तर ते दोघे आदळतील आणि हॉटेलवाले पुन्हा फोन करतील, या वेळी खोली रिकामी असून मिळत नाही म्हणून. आता विचारण्याआधी करून बघशीलच, बाय.

वळेसर

केलं. यादीत एकोणीस जोड्या निघाल्या. सतरा रद्द झालेल्यांमुळे, एक नाताळची. एक अशी, जी अजून यायची आहे, पुढच्या महिन्यातली, दोन वेगवेगळे पाहुणे, तीच खोली. आत्ताच हॉटेलला फोन करून कळवलं, त्यांच्याकडे त्या रात्री वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. एका पाहुण्याला ती देताहेत.

काका, टोक उघडंच आहे. डेटरेंज, म्हणजे पोस्टग्रेसमधला तारखांचा पल्ला, न सांगताही तसाच बनतो. 27 ची सकाळ आणि 27 ची दुपार घालून बघितली, दोन्ही आत गेली.