मस्टँगच्या मागचं काळं पॅनेल ताम्हिणीत सुटलं. परत चिकटवू की स्क्रू मारू?

भोसरीचा डायमेकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, लाल, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. पाच लिटरचं व्ही-एट सहकारनगरच्या आमच्या गल्लीत दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, त्यामुळे कौतुक करायचं ते उभ्या गाडीचंच. त्यातही माझा जीव मागच्या बाजूवर. तीन उभ्या पट्ट्यांचे टेल लॅम्प म्हणजे १९६४ पासूनची खूण. मधला गोल जीटी बॅजही तिकडचाच: जुन्या मस्टँगला पेट्रोलचं झाकण तिथंच मधोमध असायचं. आता झाकण बाजूला गेलं, जागेवर नुसती आठवण उरली. पण दोन दिव्यांमधला तो लाल पत्रा मला कायम रिकामा वाटायचा, ताटाची डावी बाजू वाढायची राहिल्यासारखा.

म्हणून भाच्याकरवी अमेरिकेहून चकचकीत काळं एबीएस प्लॅस्टिकचं पॅनेल मागवलं. जुलैत एका शनिवारी संध्याकाळी डेकोरवाल्याकडून बसवून घेतलं. ओलं फडकं मारलं, टेपचा कागद सोलला, दाबलं, अर्ध्या तासात गाडी हातात. रविवारी सकाळी सहाला मित्राबरोबर ताम्हिणी. मुळशीच्या पुढे मागून फटफट आवाज. उतरून बघतो तर उजवा कोपरा सुटलेला. मित्राच्या बुटाची नाडी लावून घरी आणलं. बायको फाटकातच उभी होती. "अहो, ही २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा पासष्ट लाखांची होती ना? आणि नाडीने बांधून आणलीत?"

डेकोरवाला म्हणतो, चार स्क्रू मारतो, जन्मात निघणार नाही. मला ते पटत नाही, पण टेपवरचा विश्वासही उडालाय. काय करू? शिवाय खाली बंपरला डिफ्युझर (गाडीखालच्या हवेसाठी पात्यांचा तुकडा) लावायचंही मनात आहे.

कसब्याचा रंगारी

स्क्रू मारू नका. तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. डिकीच्या पत्र्याला भोक पाडलं की कंपनीचा रंग, प्रायमर आणि गंजरोधक थर तिघांनाही एकदम सुट्टी. पॅनेलमागे पावसाचं पाणी आणि धूळ साचते. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, सगळा चिखल तिथंच ओढला जातो. तुमची काचसुद्धा मागचीच आधी मळते, बघा. दोन पावसाळ्यांत भोकाभोवती रंगाखाली फोड येतील, आणि ते तुम्हाला दिसणारही नाहीत, कारण वर तुमचं काळं पॅनेल. माझ्याकडे याल तेव्हा पूर्ण डिकी रंगवायला लागेल. लालला शेड जुळवणं म्हणजे काय ते विचारू नका.

सुटलेलं काढताना पेचकस घालून उचकटू नका. हेअर ड्रायरने कोमट करा, मागून तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) घाला आणि करवतीसारखी ओढा. उरलेला गोंद अंगठ्याने गोळी करून निघतो.

चिकटपट्टी

मी औद्योगिक टेपा विकतो, तेव्हा थोडं लांबवतो. एक प्रश्न आधी: गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे का? पाणी मारून बघा. गोल गोल मोती होऊन पळालं तर कोटिंग जिवंत. कोटिंगचं कामच मुळी काही चिकटू न देणं. ते पक्ष्यांची शिट आणि तुमची टेप यांत फरक करत नाही.

टेप कमी पडली असेल असं वाटत नाही. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी टेपचा ठोकताळा दर किलो वजनाला साधारण ५५ चौरस सेंटिमीटर टेप असा आहे. तुमचं पॅनेल किलोभरही नसेल. बिघडतं ते पृष्ठभागाचं आणि घाईचं. ओलं फडकं म्हणजे सफाई नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं, स्वच्छ कापड, एकाच दिशेने पुसायचं. पत्रा २१ ते ३८ अंशांत हवा. दाब दर चौरस सेंटिमीटरला किलोभर, म्हणजे अंगठा चांगला लाल होईपर्यंत. वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, २४ तासांत नव्वद टक्के, पूर्ण यायला ७२ तास. तुम्ही एका रात्रीत घाटात नेलीत.

दुसरं, टेप न लावता पॅनेल नुसतं टेकवून बघा. चारही कोपरे आपोआप बसतात का? दाबून धरावं लागत असेल तर ते पॅनेल दिवसरात्र टेपला सोलत राहणार. ही टेप सरळ ओढ आणि घसट झेलते, सोलणं नाही.

डिफ्युझर टेपवर नकोच. बंपरचं प्लॅस्टिक बहुधा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) जातीचं असतं, त्याला प्रायमरशिवाय काही धरत नाही. खालच्या कडेने बोल्ट घ्या. आणि सोसायटीच्या गतिरोधकावर गाडी आज किती घासते ते मोजा, मग पैसे काढा.

भोसरीचा डायमेकर

कोटिंग आहे. आधीच्या मालकाने केलेलं, बिल ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडलं. पाण्याचे मोती काय सुंदर पळतात, मी त्यावर खूश होतो!

आणि फट मोजायचं फीलर गेज लावलं. डावीकडे अर्धा मिलिमीटर फट, उजव्या कोपऱ्यात तीन. टेप १.१ मिलिमीटर जाडीची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डाय मायक्रॉनमध्ये मोजल्या आणि स्वतःच्या गाडीला डोळ्यांनी पास केलं.

एमएच चौदा

आरटीओचं कुणी बोललं नाही म्हणून: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात बदल करण्याबद्दल आहे. चिकटवलेली पट्टी त्यात येत नाही. तुमची मागची नंबर प्लेट बंपरवर, तेव्हा तिलाही हात लागत नाही. फक्त हौसेच्या भरात टेल लॅम्पवर काळी फिल्म मारू नका. संगम पुलावरच्या आरटीओत जाऊन समजावून सांगणं अवघड जातं.

भोसरीचा डायमेकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. वर्कशॉपमध्ये डिकीच्या बाकदार पत्र्याचा सागवानी साचा केला. एबीएस शंभर अंशांच्या आसपास नरम पडतं, म्हणून हीट गन लांबून फिरवत उजवा कोपरा त्यावर हळूहळू वळवला आणि गार होईपर्यंत क्लॅम्प. फट आता सगळीकडे पाऊण मिलिमीटरच्या आत. डिकीचं आतलं अस्तर काढून बॅजच्या खुंट्या मागून बघितल्या, मगच बॅजला हात लावला. पॅनेलची जागा मास्किंग टेपने आखली आणि तेवढ्यातच पॉलिशने कोटिंग उतरवलं. कसब्याच्या काकांनी सांगितलं म्हणून खालच्या कडेला टेपमध्ये दोन बोटभर मोकळ्या जागा सोडल्या, पाणी निघायला.

मग तीन दिवस गाडी हलवली नाही. चौथ्या दिवशी ताम्हिणी, मुसळधार, जाऊन आलो. काही हललं नाही. डिफ्युझर रद्द, सोसायटीच्या दुसऱ्या गतिरोधकाने निकाल दिला.

एकच राहिलं. बॅज परत लावताना दीड मिलिमीटर डावीकडे गेलाय. कुणाला दिसत नाही, मला दिसतो.

चिकटपट्टी

७२ तास झाले ना? मग आता तंगूसच.